सुक्या डोंगरात मुक्काम करणाऱ्यांसाठी दोन नियम हवेत

मा. संपादक,

स. न. वि. वि.

अचलपूर तालुक्यात, गाविलगडच्या डोंगराच्या पायथ्याशी आमचे गाव आहे. अमरावतीहून परतवाड्यामार्गे सकाळी निघालेला माणूस उन्हे वर येण्याच्या आत येथे पोहोचतो, आणि म्हणूनच गेल्या चार-पाच वर्षांत शनिवार-रविवारी पाठीवर बोजा आणि गाडीत तंबू घेऊन येणाऱ्या शहरातील तरुणांची संख्या आमच्या डोळ्यांदेखत वाढली आहे. त्यांनी यावे, असेच मला वाटते. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी ३१ वर्षे शिकवले आणि दरवर्षी हिवाळ्यात सातवीच्या मुलांना डोंगरावर चालत नेले. पायाखालचा डोंगर ओळखीचा झाला की मुलांना भूगोल वेगळा शिकवावा लागत नाही, हा माझा अनुभव आहे. त्यामुळे हे पत्र पर्यटकांना अडवण्यासाठी लिहिलेले नाही. उन्हाळ्यात या डोंगरात कोणत्या वेळी चढू नये आणि रात्री कोठे मुक्काम करू नये, याचे दोन साधे नियम ठरवले जावेत आणि ते डोंगराच्या तोंडाशीच पाटीवर लिहिले जावेत, एवढीच मागणी आपल्या दैनिकामार्फत वनविभागापुढे, जिल्हा प्रशासनापुढे आणि आमच्या परिसरातील ग्रामसभांपुढे ठेवत आहे.

मेळघाट म्हटले की लोकांच्या मनात जुलै-ऑगस्टचे चिखलदरा असते: धुके, भीमकुंडात कोसळणारे पाणी आणि हिरवे कडे. ते चित्र खोटे नाही, पण ते चार महिन्यांचे आहे. हा डोंगर काळ्या पाषाणाचा, उतार खडा आणि उतारावरची माती पातळ. पडलेला पाऊस सापन, चंद्रभागा, शहानूर या नद्यांनी भराभर खाली पूर्णेच्या मैदानात उतरून जातो. फेब्रुवारीपासून साग पाने टाकू लागतो, सालई आणि मोई उघडी पडतात, आणि सावलीची सर्वांत जास्त गरज असते नेमक्या त्याच वेळी डोंगरावर सावली उरत नाही. दिवसभर तापलेला पाषाण सूर्य बुडाल्यावरही कितीतरी वेळ हाताला चटका देतो. हवा इतकी कोरडी असते की आलेला घाम अंगावर दिसण्याआधीच उडून जातो, आणि आपल्या शरीरातून किती पाणी गेले हे चालणाऱ्याला कळतच नाही. पावसाच्या आकड्यांवरून आमचा प्रदेश वाळवंट ठरत नाही, परंतु मार्च ते जूनच्या पहिल्या सरीपर्यंत येथे चालणाऱ्याने वाळवंटातल्या डोंगरात चालतो आहोत असेच समजून चालले पाहिजे.

हे मी केवळ उपमेसाठी म्हणत नाही. माझी मुलगी अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील फिनिक्स या शहरात राहते आणि २०२३ चा उन्हाळा मी तिच्याकडे काढला. त्या शहरात वर्षाला सरासरी २० सेंटिमीटरही पाऊस पडत नाही. त्या वर्षी ३० जून ते ३० जुलै असे सलग ३१ दिवस तेथील कमाल तापमान दररोज ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्या ४३ अंशांच्या वर होते. फिनिक्सचे वैशिष्ट्य असे की वाळवंटातले उघडेबोडके डोंगर शहराच्या अगदी आतच उभे आहेत. घरातून निघून पंधरा-वीस मिनिटांत माणूस चढाईच्या वाटेवर पोहोचतो आणि लोक तेथे आपल्याकडे सकाळी मैदानात फिरायला जावे तितक्या सहजतेने जातात. या सहजतेतूनच अपघात होतात, हे ओळखून त्या शहराने २०२१ पासून नियम केला आहे की हवामान खात्याने अतिउष्णतेचा इशारा दिला असेल त्या दिवशी कॅमलबॅक आणि पिएस्टेवा या दोन अवघड डोंगरांच्या वाटा ऐन उन्हाच्या वेळेत सायंकाळी ५ वाजेपर्यंत बंद ठेवायच्या. कॅमलबॅकच्या पायथ्याशी असे बंद फाटक मी स्वतः पाहिले. गाडीतून उतरलेले चार-पाच जण पाटी वाचत होते आणि एक शब्दही न बोलता परत वळत होते. त्याच राज्यातील ग्रँड कॅन्यनच्या दरीतही उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत चढउतार करू नये, असे तेथील उद्यानाचे कर्मचारी प्रत्येकाला बजावतात.

आमच्याकडे हा नियम लिहिलेला नाही, पण डोंगरात राहणारी माणसे तो पिढ्यान्‌पिढ्या पाळतात. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू झाला की कोरकू बाया-माणसे पहाटे चारला, काही वेळा त्याहीआधी, अंधारात डोंगर चढतात आणि ऊन तापायच्या आत पानांचे गाठोडे डोक्यावर घेऊन खाली उतरतात. पुढचे पुडे बांधण्याचे काम घराच्या ओसरीत किंवा मोहाच्या सावलीत बसून होते, आणि फळीवर, म्हणजे पाने गोळा करून घेण्याच्या ठिकाणी, ती नेऊन द्यायची ती ऊन कलल्यावर. ज्यांचे वर्षाचे पोट या पानांवर अवलंबून आहे ती माणसेसुद्धा अधिक चार पैशांसाठी दुपारी डोंगरावर थांबत नाहीत. शहरातून येणारी मंडळी मात्र सकाळी घरून निघतात, परतवाड्यात पोहे-मिसळ खातात, आणि ज्या वेळी तेंदूवाल्या बाया खाली येत असतात त्याच वाटेने त्याच वेळी वर निघतात. मी कित्येकदा पारावर बसून हे दोन प्रवाह एकमेकांना ओलांडून जाताना पाहिले आहेत, आणि वर जाणाऱ्यांना थांबवण्याचा आपल्याला अधिकार नाही म्हणून गप्प बसलो आहे. ते गप्प बसणे मला गेल्या वर्षी फार महाग वाटले.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातील ती गोष्ट आहे. समाजमाध्यमावर जाहिरात करून पैसे घेऊन सहली काढणाऱ्या एका मंडळाबरोबर काही मुले आली होती. त्यांतील पाच जण साडेनऊच्या सुमारास वर निघाले. प्रत्येकाजवळ एक लिटरची एक बाटली होती. चढावर अशा उन्हात चालणाऱ्या माणसाला तासाला अर्धा ते एक लिटर पाणी लागते. म्हणजे दुपारी एकपर्यंतच्या साडेतीन तासांत प्रत्येकाला किमान पावणेदोन लिटर हवे होते, आणि परतीचा उतार अजून बाकीच होता. वर टाके आहे आणि तेथे पाणी मिळेल, असे त्यांना सांगण्यात आले होते. टाके होते, पण त्यात तळाशी भेगाळलेला चिखल आणि माकडांच्या पायांचे ठसे होते. जाळरेषेवर, म्हणजे आग पुढे पसरू नये म्हणून गवत-पाला काढून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यावर, वणव्याच्या पहाऱ्याला बसलेल्या वनमजुराला त्यांच्या हाका ऐकू आल्या. मोबाइलला तेथे रेंज नसते, म्हणून तो धावत खाली गावात आला. आम्ही बाज घेऊन गेलो तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा निष्पर्ण सालईच्या बुंध्याला टेकून बसलेला होता. सालईची सावली त्याच्या एका खांद्यावर काय ती पट्टीसारखी पडली होती. त्याचे अंग कोरडे आणि तव्यासारखे तापलेले होते. आपल्याला घरी जायचे आहे, बस निघून जाईल, असे तो पुन्हा पुन्हा म्हणत होता आणि हात धरणाऱ्याला ढकलून देत होता. त्याच्या मित्रांना वाटले, तो चिडला आहे.

तो चिडला नव्हता, त्याला ऊन लागले होते. शरीराचे आतील तापमान ४० अंशांच्या वर गेले की मेंदूवर परिणाम होऊ लागतो आणि माणूस असंबद्ध बोलतो, अडखळतो, कधी भांडतो. चालून-चालून ऊन लागलेल्या माणसाला घाम येतही असू शकतो, त्यामुळे घाम आहे म्हणजे धोका नाही, असे समजू नये; बोलण्यातला गोंधळ हीच खरी खूण. अशा माणसाला आधी गार करायचे असते आणि मग हलवायचे. आम्ही घागरीतले पाणी त्याच्या डोक्यावर, मानेवर, काखांत ओतले, भिजवलेले धोतर अंगावर टाकून टॉवेलांनी वारा घातला, आणि तो थोडा शुद्धीवर येईपर्यंत त्याच्या तोंडात पाणी घातले नाही, कारण अर्धवट शुद्धीत ते श्वासनलिकेत जाऊ शकते. मग बाजेवर घालून चौघांनी खाली आणले आणि १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतून पाठवले. तिसऱ्या दिवशी तो घरी गेला. त्याच्या आईचा मला फोन आला होता. त्या माउलीला काय बोलावे ते सुचत नव्हते आणि मलाही सुचत नव्हते.

भारतीय हवामान विभागाच्या निकषांनुसार मैदानी भागात पारा ४५ अंशांवर गेला की उष्णतेची लाट आणि ४७ वर गेला की तीव्र लाट मानली जाते. विदर्भाला हे आकडे नवे नाहीत. २३ मे २०१३ रोजी नागपूरला ४७.९ अंशांची नोंद झाली होती. विभागाचे इशारे आता आदल्या दिवशीच मोबाइलवर येतात. तेव्हा इशारा असलेल्या दिवशी सकाळी १० ते सायंकाळी ५ या वेळेत डोंगराच्या वाटेवर प्रवेश बंद, हा नियम करायला नवी यंत्रणा लागत नाही. वाटेच्या तोंडाशी एक आडवा बांबू आणि एक पाटी लागते, आणि पैसे घेऊन सहल काढणाऱ्यांवर तो बंधनकारक करावा लागतो.

दुसरा नियम मुक्कामाचा आहे आणि तो मला पहिल्याइतकाच, किंबहुना अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण ज्यांच्यासाठी तो हवा त्यांना अर्ज करता येत नाही.

आमच्या गावापासून दीड-दोन किलोमीटरवर नाल्याच्या वळणावर एक झिरा आहे. एप्रिलमध्ये नाला पूर्ण आटतो, पण त्या वळणावर वाळू हाताने उकरली की खाली पाणी पाझरते. माझ्या लहानपणी आई तेथे वाटीने पाणी भरून गुंड भरीत असे. एक गुंड भरायला अर्धा तास लागे. आता गावात नळ आला आहे आणि झिरा रानाच्या वाट्याला गेला आहे. रात्रीतून चितळ, रोही, रानडुकरे, भेकर, मोर आणि मोहाच्या दिवसांत अस्वलही तेथे येऊन जाते. सकाळी वाळूवर पाहिले की कोण आले, कोणामागून आले, हे वाचता येते. मी निवृत्तीनंतर रोज सकाळी तेथवर चालत जातो आणि ते वाचतो. गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी मी गेलो तेव्हा झिऱ्याच्या काठावर चार तंबू उभे होते. वाळू ओली आणि भुसभुशीत असल्यामुळे झोपायला मऊ जागा म्हणून ती निवडली होती. रात्री उशिरापर्यंत दिवे आणि गाणी चालू होती, हे गावातही ऐकू आले होते. पाण्यावर साबणाचा पांढरा पापुद्रा होता, कारण भांडी तेथेच घासली होती. मी नाल्याच्या वरच्या अंगाला गेलो. वळणापासून साधारण साठ पावलांवर चितळांच्या खुरांचे ठसे दाट होते, एकमेकांवर पडलेले, एकाच जागी कितीतरी वेळ घुटमळल्यासारखे. तेथून पुढे पाण्याकडे एकही ठसा नव्हता. सगळे माघारी वळले होते. त्या भागात दुसरे पाणी पाच-सहा किलोमीटरवर आहे आणि वाटेत शेते आणि कुत्री आहेत.

त्या मुलांशी मी बोललो. ती उद्धट नव्हती. पाण्याजवळ तंबू लावावा, हेच त्यांनी सगळीकडे वाचले होते. ओलाव्याच्या प्रदेशात, जेथे ओढा मैलभर वाहतो, तेथे त्याने फारसे बिघडत नसेल. सुक्या डोंगरात पाणी एकाच ठिकाणी असते आणि त्या ठिकाणी माणूस झोपला की आजूबाजूचे सगळे रान उपाशी नव्हे, तहानलेले राहते. ॲरिझोनात यासाठी कायदाच आहे: जेथे मुक्काम केल्याने वन्यप्राण्यांना किंवा गुरांना जवळपासच्या एकमेव पाण्यापर्यंत पोहोचता येणार नाही, अशा पाणवठ्यापासून पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०० मीटरच्या आत तंबू ठोकणे हा तेथे गुन्हा आहे. आपल्याकडे ४०० मीटरचा हाच नियम १ फेब्रुवारी ते पावसाळा लागेपर्यंत करावा. ज्यांना पाण्यावर येणारे प्राणी पाहायचे आहेत त्यांच्यासाठी बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनविभाग मचाणावर बसण्याची सोय करतोच. तेथे दिवा नाही, बोलणे नाही, आणि म्हणूनच प्राणी दिसतात. नाल्याच्या वाळूत तंबू न लावण्याला आणखी एक कारण आहे. जूनच्या तोंडाशी वर चिखलदऱ्याकडे मोठी सर आली की खाली आभाळ कोरडे असतानाही नाल्याला लोंढा येतो, आणि रात्री तो येताना कळत नाही.

नियम कोणी करायचा, हा प्रश्न मला विचारला जातो. अभयारण्याच्या आत तर परवानगीशिवाय प्रवेशच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो प्रश्न मिटवला आहे. अडचण आहे ती अभयारण्याबाहेरच्या पट्ट्याची, म्हणजे प्रादेशिक वनविभागाचे जंगल, गावाची ई-क्लास (गुरचराईसाठी ठेवलेली सरकारी) जमीन आणि सामूहिक वनहक्काचे क्षेत्र यांची, कारण तंबू नेमके येथेच लागतात आणि येथे कोणी कोणाला विचारत नाही. परंतु २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने वन्यजीव, जंगल आणि पाणलोट व पाण्याचे स्रोत यांचे रक्षण करण्याचा अधिकार हक्कधारकांना आणि ग्रामसभेला स्पष्ट शब्दांत दिला आहे. आमच्याच तालुक्यातील पायविहीरने या कायद्याखाली २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवले, उजाड डोंगर राखून पुन्हा हिरवा केला, तेथील सीताफळे बाजारात नेली आणि २०१४ मध्ये भारत जैवविविधता पुरस्कार मिळवला. जे गाव आपला डोंगर असा सांभाळू शकते, त्याच्या शेजारच्या गावांना तंबूची जागा ठरवून देणे अशक्य नाही. वनविभागाने त्या ठरावाला पाठबळ द्यावे आणि पाण्याच्या जागा नकाशावर दाखवाव्यात.

विस्तवाबद्दल थोडेच लिहितो, कारण कायदा जुना आणि स्पष्ट आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६ नुसार राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा आहे, आणि १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ मानून वनविभाग त्या आधी जाळरेषा साफ करतो. सागाचा वाळलेला पाला पायाखाली घोट्यापर्यंत असतो. शेकोटीची एक ठिणगी त्यात पडली की वाऱ्याबरोबर धावणारी आग माणसाला गाठता येत नाही. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला जाळण्याची सवय आमच्या गावांतही आहे आणि वणव्यांचा मोठा दोष आमच्याकडे जातो, हे मी मान्य करतो. तो दोष दूर करण्याचे काम आमचे. पण त्यामुळे तंबूसमोरच्या शेकोटीला मुभा मिळत नाही.

डोंगर चढायचा तर नोव्हेंबर ते जानेवारीत यावे. तेव्हा वरच्या झऱ्यांना पाणी असते, हवा स्वच्छ असते आणि वाटांवर साग अजून पानांत असतो. खाली शेतात हुरडा भाजायला येतो, तुराट्यांच्या विस्तवावर वांगी भाजून भरीत होते, आणि शेतकऱ्याच्या घरी मुक्काम केला तर त्या घराला दोन पैसे मिळतात. उन्हाळ्यात यायचेच असेल तर पहाटे चारला तेंदूवाल्या बायांबरोबर चढावे, प्रत्येकी किमान तीन-चार लिटर पाणी आणि सोबत जलसंजीवनी किंवा मीठ-साखर-लिंबू घ्यावे, कारण घामावाटे मीठही जाते आणि नुसते पाणी पीत राहिल्याने थकवा उलट वाढू शकतो. आणि नऊ-साडेनऊपर्यंत खाली यावे. खाली उतरल्यावर आमच्या कोणत्याही घरी कैरीचे पन्हे मिळेल.

येत्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे की शाळेमागच्या ई-क्लास जमिनीवर, जेथे दोन जुनी कडुनिंबाची झाडे आणि हातपंप आहे, तेथे तंबू लावण्याची जागा आखून द्यावी. तेथून झिरा एक किलोमीटरहून दूर आहे. शौचालय शाळेचे वापरता येईल, आणि वाटेला लागण्याआधी प्रत्येकाचे नाव आणि पाण्याच्या बाटल्या मोजून वहीत लिहिण्याचे काम मी स्वतः करीन. झिऱ्याच्या वळणावर आणि डोंगराच्या वाटेवर लावायच्या दोन पाट्या मात्र वनविभागाच्या परवानगीशिवाय लावता येत नाहीत. त्यासाठीचा अर्ज मी संबंधित वनपरिक्षेत्र कार्यालयाकडे दिला आहे. वणव्याचा हंगाम सुरू होण्याच्या आत, १५ फेब्रुवारीपूर्वी, त्यावर निर्णय व्हावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. अचलपूर, जि. अमरावती